क्रॅश (कर्नल विश्लेषण साधन)

क्रॅश हे लिनक्स कर्नलच्या क्रॅश डंपचे विश्लेषण करणारे मुक्त स्रोत साधन आहे. संगणकाच्या संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, एखाद्या गंभीर चुकीमुळे अचानक थांबला तर त्या क्षणी मेमरीत जे काही असते त्याची प्रत एका फाइलमध्ये उतरवून ठेवता येते. या फाइलला क्रॅश डंप म्हणतात. ती वाचून बिघाडाचे मूळ कारण शोधण्यासाठी क्रॅशचा उपयोग होतो. हे साधन डेव्हिड अँडरसन यांनी १९९९ च्या सुमारास मिशन क्रिटिकल लिनक्स या कंपनीत असताना लिहिण्यास घेतले व पुढे रेड हॅट या कंपनीत त्याचा विकास केला. युनिक्सच्या सिस्टीम फाइव्ह या आवृत्तीत याच नावाची आज्ञा होती. नाव व ढोबळ आराखडा तिच्यावरून घेतला आहे.

== डंप म्हणजे काय ==

साधा प्रोग्राम बिघडला तर कर्नल त्याला बंद करतो आणि संगणकाचे बाकीचे काम चालू राहते. कर्नलच बिघडला तर त्याला सावरणारा दुसरा कोणी उरत नाही. चुकीच्या पत्त्यावरून माहिती वाचली गेली किंवा आतील नोंदी एकमेकींशी विसंगत आढळल्या, तर पुढे चालत राहून सगळी माहिती नासवण्यापेक्षा थांबलेले बरे, असा निर्णय कर्नल घेतो. या थांबण्याला लिनक्समध्ये 'पॅनिक' म्हणतात. विंडोज वापरणाऱ्यांना हाच प्रसंग निळ्या पडद्याच्या रूपाने परिचित आहे.

इंग्रजीत अशा फाइलला 'कोअर' असेही म्हणतात. जुन्या संगणकांची मेमरी लोहचुंबकीय कड्यांची बनलेली असे. त्या कड्यांना 'कोअर' म्हणत. कडी इतिहासजमा झाली तरी शब्द टिकून राहिला. मराठीत 'डंप' या शब्दाला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. मात्र या फाइलचे कार्य सांगण्यास 'पंचनामा' हा शब्द अगदी चपखल आहे. गारपीट होऊन गेल्यावर तलाठी शेतात येतो तेव्हा गारा वितळलेल्या असतात. आडवे पडलेले पीक, फुटलेली बोंडे आणि जमिनीवरच्या खुणा एवढेच उरलेले असते व त्यावरूनच नोंद करावी लागते. क्रॅश डंपही घटना घडून गेल्यानंतरची स्थिती दाखवतो, घटना दाखवत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराबाबतही असेच झाले. ते ज्वालामुखीमुळे तयार झाले की अशनीच्या आघातामुळे, हा वाद दीर्घकाळ चालला. तेथील बेसाल्ट खडकात तीव्र आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच सापडली तेव्हा आघाताच्या बाजूने निर्णय झाला. डंप वाचणारा अभियंता अशाच काचेच्या कणाच्या शोधात असतो.

== महत्त्व ==

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचे एक सदोष अद्ययावतीकरण जगभर पाठवले गेले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक त्यामुळे बंद पडले. मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर रांगा लागल्या आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण शोधताना क्रॅश डंपच कामी आले. मायक्रोसॉफ्टने विनडीबीजी या आपल्या साधनाने डंप उघडून दोषी ड्रायव्हर मेमरीच्या मर्यादेबाहेरून माहिती वाचत होता याची खातरजमा केली. क्राउडस्ट्राइकच्या अहवालातून तपशील उघड झाला. प्रणालीच्या नव्या नमुन्यात २१ माहितीघटक अपेक्षित होते, प्रत्यक्षात २० च पुरवले जात होते. एकविसावा घटक वाचायला गेलेला प्रोग्राम दुसऱ्याच जागी पोहोचला. चूक मोजणीतील एका अंकाची होती.

लिनक्सच्या बाबतीत हा विषय महाराष्ट्राच्या अधिक जवळचा आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा 'अर्का' हे महासंगणक कार्यान्वित झाले. मान्सूनच्या अंदाजासाठीची गणिते अशाच यंत्रांवर सोडवली जातात आणि घाटाखालच्या शेतकऱ्याची कपाशी किंवा सोयाबीन कधी पेरायचे हा निर्णय त्या अंदाजाकडे डोळे लावून बसलेला असतो. हजारो प्रोसेसर एकत्र काम करतात तेथे एखाद्या जोडसंगणकाचा कर्नल केव्हातरी पॅनिक होणार हे गृहीतच धरावे लागते. यंत्र पुन्हा सुरू करणे सोपे आहे. पण कारण न शोधता ते सुरू केले तर तोच दोष पुढच्या आठवड्यात पुन्हा डोके वर काढतो.

रेड हॅटचे एक अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. फाइल प्रणाली व साठवण व्यवस्थापनाची उत्पादने बनवणाऱ्या व्हेरिटास या कंपनीचेही विकास केंद्र पुण्यात होते. असे सॉफ्टवेअर कर्नलच्या आतच चालते. त्यामुळे ग्राहकाच्या यंत्रातून आलेला डंप उघडून वाचणे हे अशा ठिकाणच्या अभियंत्यांच्या नेहमीच्या कामाचा भाग असते.

== डंप घेण्याची पद्धत ==

ज्या कर्नलची स्वतःचीच शुद्ध हरपली आहे त्याच्याकडून स्वतःची नोंद कशी करून घ्यायची, ही येथील मूळ अडचण आहे. सुरुवातीच्या पद्धतींत बिघडलेलाच कर्नल डिस्कवर किंवा जाळ्यातील दुसऱ्या यंत्रावर डंप लिहीत असे. एसजीआय कंपनीचा एलकेसीडी, रेड हॅटचा नेटडंप आणि डिस्कडंप या त्या काळातील पद्धती होत. ज्या ड्रायव्हरमध्ये दोष आहे त्याच्याच मदतीने डंप लिहावा लागला तर तो अर्धवट राही, किंवा त्याहून वाईट म्हणजे डिस्कवरील चांगली माहितीही खराब होई.

ऑगस्ट २००५ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.१३ मध्ये केडंप ही पद्धत समाविष्ट झाली. तिच्या जडणघडणीत भारतीय अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. बंगळुरू येथे आयबीएमच्या लिनक्स विभागात काम करणारे विवेक गोयल व हरिप्रसाद नेल्लितीर्थ आणि अमेरिकेतील एरिक बीडरमन यांनी २००५ च्या ओटावा लिनक्स परिषदेत तिच्यावरील शोधनिबंध सादर केला. यंत्र सुरू होतानाच मेमरीचा एक छोटा भाग राखून ठेवायचा आणि त्यात दुसरा कर्नल तयार ठेवायचा, ही केडंपची कल्पना. पहिला कर्नल पॅनिक झाला की केएक्झेक या यंत्रणेमार्फत नियंत्रण थेट दुसऱ्याकडे जाते. मध्ये बायोसची सुरुवातीची प्रक्रिया होत नसल्याने जुनी मेमरी जशीच्या तशी राहते. दुसरा कर्नल राखीव जागेतच वावरतो आणि पहिल्याची मेमरी 'व्हीएमकोअर' या नावाने फाइलसारखी वाचून साठवतो. ज्याला अपघात झाला त्याच्याऐवजी शेजारच्याने पंचनामा लिहावा, तसा हा प्रकार आहे.

आता फाइलच्या आकाराचा प्रश्न येतो. १ टेराबाइट मेमरी असलेल्या सर्व्हरचा संपूर्ण डंप सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने लिहायचा तर सुमारे ५,००० सेकंद, म्हणजे जवळपास दीड तास जाईल. तोवर सेवा बंद राहील. जपानच्या एनईसी कंपनीत सुरू झालेला मेकडंपफाइल हा प्रोग्राम यावर उपाय करतो. शून्यांनी भरलेली पाने, डिस्कवरील फाइलींच्या तात्पुरत्या प्रती (यांचे दोन प्रकार), वापरकर्त्याच्या प्रोग्रामची पाने आणि रिकामी पाने अशा पाच प्रकारांना १, २, ४, ८ व १६ असे क्रमांक दिलेले असतात. जे प्रकार गाळायचे त्यांच्या क्रमांकांची बेरीज आज्ञेत द्यायची. सगळेच गाळायचे असल्यास ३१. उरते ती बहुतांशी कर्नलची स्वतःची मेमरी, आणि तपासणीसाठी सामान्यतः तीच हवी असते.

== रचना व वापर ==

डंप ही अंकांची प्रचंड रास असते. तिला अर्थ येण्यासाठी क्रॅशला आणखी एक फाइल लागते: त्याच कर्नलची डीबग माहितीसह असलेली प्रत. कोणती रचना किती बाइटची, तिच्यात कोणते घटक कोणत्या अंतरावर, कोणत्या फंक्शनचा पत्ता काय, हे सारे तिच्यात असते. दोन्ही फाइली एकाच बांधणीच्या असाव्या लागतात. वेगळ्या बांधणीची प्रत घेणे म्हणजे एका गावच्या सातबाऱ्यावर दुसऱ्या गावची शेते मोजण्यासारखे आहे.

डीबग माहिती वाचण्याचे काम क्रॅश स्वतः करत नाही. त्याच्या पोटात जीडीबी हा प्रसिद्ध डीबगर बसवलेला आहे. क्रॅशचे स्वतःचे वैशिष्ट्य म्हणजे कर्नलविषयीचे ज्ञान. जीडीबीला रचना समजते. पण चालू कामांची यादी कोठे असते, मेमरीचे वाटप कसे होते, फाइली कशा जोडलेल्या असतात हे त्याला ठाऊक नसते. ते क्रॅशला ठाऊक असते. 'लॉग' आज्ञेने कर्नलचे शेवटचे संदेश मिळतात, 'पीएस'ने कामांची यादी, 'बीटी'ने फंक्शनांची साखळी, 'केमेम'ने मेमरीचा हिशेब आणि 'स्ट्रक्ट'ने कोणत्याही रचनेतील घटकांची मूल्ये.

एक कल्पित उदाहरण घेऊ. यंत्र पॅनिक झाले आणि लॉगमध्ये असा संदेश आहे की शून्य पॉइंटरचा वापर झाला, पत्ता षोडशमान पद्धतीत १८. पत्ता शून्य नसताना पॉइंटर शून्य कसा, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. षोडशमानातील १८ म्हणजे दशमानातील २४. एखाद्या रचनेचा आरंभ जेथे असायला हवा तेथे शून्य होते आणि प्रोग्रामला त्या रचनेतील २४ बाइटांवरचा घटक हवा होता. 'स्ट्रक्ट' आज्ञेने संबंधित रचनेतील अंतरे छापली की २४ वर कोणता घटक आहे ते कळते आणि ओळ सापडते. खरी मेहनत येथून पुढे आहे. पॉइंटर शून्य कोणी केला? सर्व कामांची 'बीटी' काढल्यावर कदाचित असे दिसेल की त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर चालणारे काम तीच रचना बंद करण्याच्या फंक्शनमध्ये होते. दोघांमध्ये कुलूप हवे होते, ते नव्हते. जो कोसळला तो निरपराध होता.

काही खुणा कर्नलने मुद्दाम पेरलेल्या असतात. तपासणीचे पर्याय चालू असतील तर मुक्त केलेली मेमरी ६बी या बाइटने भरली जाते. यादीतून काढलेल्या घटकाच्या पॉइंटरमध्ये ६४ बिटांच्या यंत्रांवर 'डेड' या षोडशमानी अक्षरांनी सुरू होणारे मूल्य ठेवतात. डंपमध्ये ६बी६बी६बी अशी रांग दिसली की सोडून दिलेली मेमरी कोणीतरी पुन्हा वापरली हे अनुभवी माणूस तत्काळ ओळखतो.

== सुधारणा ==

क्रॅश कधीच 'पूर्ण' होत नाही, कारण तो ज्याच्याविषयी जाणतो तो कर्नल सतत बदलत असतो. लिनक्समध्ये बाहेरच्या प्रोग्रामांना दिसणारे व्यवहार जपले जातात, पण आतील रचना बदलण्यास विकासकांना पूर्ण मुभा असते. क्रॅश नेमका त्या आतील रचनांवर उभा आहे. लिनक्स ५.१० मध्ये संदेश साठवण्याची पद्धत बदलली. 'लॉग' आज्ञेला नवी पद्धत शिकवावी लागली. ५.१४ मध्ये कामाची स्थिती सांगणाऱ्या घटकाच्या नावापुढे दोन अधोरेषा लागल्या. मनुष्य वाचकाला हा बदल क्षुल्लक, साधनाला मात्र घटकच नाहीसा झाल्यासारखे. ५.१७ मध्ये मेमरी वाटपाच्या पानांची रचना वेगळी काढली गेली. ६.१ मध्ये प्रोग्रामच्या मेमरी-विभागांची जुनी यादी जाऊन 'मेपल ट्री' नावाचा वृक्ष आला आणि 'व्हीएम' आज्ञेसाठी तो वृक्ष चढण्याची पद्धत नव्याने लिहावी लागली. जुने डंपही वाचता यायला हवेत म्हणून आधीची पद्धत काढून टाकता येत नाही. क्रॅशच्या स्रोतात त्यामुळे कर्नलच्या अनेक पिढ्या एकत्र नांदतात.

सुरक्षेच्या उपायांनीही काम वाढवले. कर्नल प्रत्येक वेळी मेमरीत वेगळ्या जागी बसावा, म्हणजे हल्लेखोराला पत्ते आधीच कळणार नाहीत, अशी सोय झाली. डीबग माहितीतील सगळे पत्ते त्यामुळे एका ठरावीक अंतराने सरकतात. हे अंतर डंपसोबतच्या एका छोट्या टिपणात नोंदवून ठेवण्याची व्यवस्था झाली. क्रॅश ते वाचून पत्ते जुळवून घेतो.

बिघडलेली माहिती वाचताना साधनाने स्वतः बिघडू नये, ही सुधारणेची वेगळी बाजू आहे. कर्नलमध्ये बहुतेक गोष्टी साखळीसारख्या याद्यांत असतात. प्रत्येक घटक पुढच्याचा पत्ता सांगतो. मेमरी नासलेली असेल तर एखादा घटक मागच्याच कोणाकडे बोट दाखवतो आणि यादी गोल फिरू लागते. अशा यादीवर चालणारे साधन कधीच थांबणार नाही. क्रॅशची मूळ पद्धत म्हणजे भेटलेला प्रत्येक पत्ता नोंदवून ठेवायचा आणि तोच पुन्हा भेटला तर थांबायचे. लोणारच्या विवराच्या कडेने चालताना प्रत्येक झाडाला चिंधी बांधत जावे तसे हे आहे. यादी लाखो घटकांची असेल तर चिंध्याच फार होतात, म्हणजे नोंदींनाच पुष्कळ मेमरी लागते.

'लिस्ट' आज्ञेला पुढे जोडलेला एक पर्याय गणितज्ञ आर. पी. ब्रेंट यांची रीत वापरतो. चालणाऱ्याने एकच खूण करायची. २ पावलांनंतर ती पुढे आणायची, मग ४ पावलांनी, मग ८, १६, ३२ अशी दर वेळी दुप्पट अंतराने. खूण पुन्हा दिसली की वाट गोल आहे हे सिद्ध होते. खूण जागची न हलवता एकदाच केली तर चालणार नाही का? नाही. गावातून विवराच्या कडेपर्यंत येणाऱ्या रस्त्यावरच ती केली असेल तर कडेने कितीही फेऱ्या मारल्या तरी ती दिसणारच नाही. खूण सरकत राहिली तर केव्हातरी ती गोल वाटेवर येते आणि दोन सरकण्यांमधील अंतर एका फेरीपेक्षा मोठे होते. यादी कितीही लांब असो, लक्षात ठेवायची ती एकच खूण. साधनातील सर्व सुधारणांमध्ये इतकी थोडक्यात आटोपलेली व इतकी उपयोगी सुधारणा क्वचितच आढळेल.

पोटातील जीडीबी बदलणे हे मात्र दीर्घ श्रमांचे काम ठरले. २०१३ पासून क्रॅशमध्ये जीडीबी ७.६ होता. कंपायलर पुढे गेले, डीबग माहितीचे स्वरूप बदलले, तरी क्रॅशने जीडीबीत केलेले स्वतःचे बदल नव्या आवृत्तीवर चढवणे सोपे नव्हते. २०२१ मध्ये क्रॅश ८.०.० बरोबर जीडीबी १०.२ आला आणि २०२५ मधील ९.०.० मध्ये १६.२. याच टप्प्यावर आणखी एक जुनी उणीव भरून निघाली. क्रॅशची 'बीटी' फंक्शनांची नावे देई, पण प्रत्येकाला कोणती मूल्ये मिळाली होती हे स्टॅकमधील अंक चाळून हाताने शोधावे लागे. आता डंपमधील रजिस्टरांची मूल्ये जीडीबीकडे सोपवली जातात. त्यामुळे जीडीबीची स्वतःची आज्ञा वापरून फंक्शनची स्थानिक मूल्ये अनेकदा थेट पाहता येतात. कंपायलरने जी मूल्ये काटकसरीसाठी टाकून दिली ती अर्थात मिळत नाहीत.

नव्या प्रोसेसरांसाठीही भर पडत असते. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेचा आधार क्रॅशमध्ये आला आहे. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' व सी-डॅकचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर याच रचनेचे असल्याने ही भर आपल्याकडे विशेष महत्त्वाची ठरते.

अँडरसन यांनी सुमारे दोन दशके हे साधन जवळजवळ एकहाती सांभाळले. त्यांच्यानंतर ही जबाबदारी एकाहून अधिक देखभालकर्त्यांमध्ये विभागली गेली. महत्त्वाच्या साधनाचा भार एकाच माणसावर असण्यातील धोका मुक्त स्रोत जगतात नवा नाही. येथे निदान हस्तांतर सुरळीत झाले.

== गोपनीयता ==

डंपमध्ये मेमरी जशीच्या तशी असते. म्हणजेच संकेतशब्द, कूटलेखनाच्या किल्ल्या, जाळ्यावरून नुकतीच आलेली माहिती हेही त्यात असू शकते. एखाद्या बँकेच्या सर्व्हरचा डंप तपासणीसाठी बाहेर पाठवणे म्हणजे ग्राहकांची माहिती बाहेर पाठवणेही ठरू शकते. वापरकर्त्यांची पाने गाळल्याने धोका कमी होतो, पण संपत नाही. कर्नलच्या स्वतःच्या पानांतही अशी माहिती उरते. भारतात २०२३ मध्ये अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाल्यापासून हा प्रश्न केवळ तांत्रिक राहिलेला नाही. मेकडंपफाइलमध्ये निवडक माहिती पुसून टाकण्याची सोय आहे, पण काय पुसायचे हे आधी नेमके ठाऊक असावे लागते. हा विषय साधनकर्त्यांकडून आजवर दुय्यमच मानला गेला आहे.

== इतर साधने ==

क्रॅशला 'एक्स्टेंड' आज्ञेने बाहेरचे विस्तार जोडता येतात. पायकेडंप हा विस्तार क्रॅशमध्ये पायथन भाषा आणतो, त्यामुळे पुन्हापुन्हा कराव्या लागणाऱ्या तपासण्या प्रोग्राम लिहून करता येतात. फेसबुकमध्ये ओमर सँडोव्हल यांनी लिहिलेला डर्गन उलट दिशेने जातो. तो मुळातच पायथनचे ग्रंथालय आहे आणि कर्नलमधील रचना पायथनच्या वस्तूंसारख्या हाताळू देतो. चौकशीची पायरी ठरलेली असेल तर क्रॅश जलद पडतो. गुंतागुंतीच्या रचनांमधून वाट काढायची असेल तर डर्गन सोयीचा. विंडोजसाठी विनडीबीजी आणि सोलॅरिससाठी एमडीबी ही या वर्गातील साधने आहेत.

== सराव ==

विद्यार्थ्यांना यासाठी सर्व्हर लागत नाही. साध्या लॅपटॉपवरील आभासी यंत्रात लिनक्स बसवून, केडंप सेवा चालू करून आणि त्याच कर्नलची डीबग माहिती उतरवून घेऊन तयारी होते. डीबग माहितीची फाइल बरीच मोठी असते हे मंद इंटरनेट असलेल्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. नंतर मुख्य वापरकर्ता म्हणून 'सिसआरक्यू-ट्रिगर' या फाइलमध्ये सी हे इंग्रजी लघुअक्षर लिहिले की कर्नल मुद्दाम पॅनिक होतो. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर डंप बहुधा 'व्हार' निर्देशिकेतील 'क्रॅश' या उपनिर्देशिकेत सापडतो. तो उघडून 'बीटी' दिली असता हा पॅनिक सिसआरक्यूमार्फत घडवला गेला हे साखळीत स्पष्ट दिसते. डंप न घेता चालू यंत्रावरही क्रॅश चालवता येतो. अशा वेळी वाचत असतानाच माहिती बदलत असल्यामुळे एकच आज्ञा दोनदा दिल्यास उत्तरे वेगळी येऊ शकतात. हे सर्व आभासी यंत्रातच करावे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सामायिक संगणकावर हे अक्षर लिहिल्यास इतरांचे न साठवलेले काम त्याच क्षणी नाहीसे होते.